शेजारच्या खुर्चीत बसलेल्या ताईंना

नमस्कार ताई,

त्या दिवशी सिनेमा सुटल्यावर निघायच्या गर्दीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. कुणी त्यांना ओळखत असेल तर एवढं पोचवा.

'द क्राइंग गेम' बघायची माझी इच्छा जुनी. नील जॉर्डनचा 1992 चा सिनेमा, पटकथेला ऑस्कर मिळालेला. पण कानाला यंत्र लावूनही मला हॉलमध्ये नुसता गलका ऐकू येतो, शब्द सुटे होत नाहीत. त्यात सिनेमातले हेल आयरिश. सबटायटल्स लावा म्हणून आयोजकांना आधीच विनवलं होतं. "बाकीच्यांचा रसभंग होतो," असं उत्तर आलं. दारावरचे गृहस्थ म्हणाले, "थ्रिलर आहे हो, बघून कळेल."

काय कळणार बघून? सुरुवातीला बराच वेळ दोन माणसं बोलतच असतात. आयआरए या आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेचा फर्गस पहाऱ्यावर, समोर पकडून आणलेला ब्रिटिश सैनिक जोडी, डोक्यावर कापडी पिशवी. जोडीचा जीव गुदमरतो म्हणून फर्गस ती काढायला लावतो. मग क्रिकेट मोठं की हर्लिंग हा आयरिश खेळ, यावर दोघांची जुंपते! जोडी अँटिग्वात जन्मलेला, लंडनच्या टॉटनहॅममध्ये वाढलेला. हे बोलणं निसटलं, तर फर्गस पुढे नाव बदलून लंडनला जोडीच्या प्रेयसीला, डिलला, शोधत का जातो, तेही निसटतं.

माझी चुळबुळ तुम्ही पाहिलीत. पर्समधून वही काढलीत, मोबाईलचा उजेड ओढणीखाली धरलात आणि मराठीत लिहायला लागलात. मोजक्या ओळी लिहायच्या, वही माझ्याकडे सरकवायची.

आणि मग डिलच्या घरातला तो प्रसंग. तो काय, ते मी इथे सांगणार नाही. तुम्ही पेनाला टोपण लावलंत, वही मिटलीत आणि बोटानं पडदा दाखवलात.

ताई, मला ऐकू येत नाही म्हणून लोक सिनेमाचा शेवट आधीच सांगून टाकतात. प्रेमानंच सांगतात, पण माझ्या वाट्याला धक्का म्हणून काही उरतच नाही. त्या दिवशी अख्ख्या हॉलबरोबर मीही दचकले. किती वर्षांनी! नंतर कितीतरी वेळ छातीत धडधडत होतं.

मदत करणारे पुष्कळ भेटले, पण हात कुठे आवरायचा हे जाणणारं माणूस विरळाच. कैद्याशी माणसासारखं वाग असं फर्गसला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी तुरुंगात फर्गस विंचू-बेडकाची गोष्ट सुरू करतो, तेव्हा तुम्ही "तीच, जोडीनं सांगितलेली" एवढंच लिहिलंत. पुरेसं होतं.

वहीची ती पानं तुम्ही मला फाडून दिलीत. आयोजकांना सबटायटल्ससाठी पुन्हा अर्ज केलाय, त्याला या पानांच्या झेरॉक्स जोडल्यात.

तुमची ऋणी,
एक प्रेक्षक