अकरा हजारांचा भोपळा

ठाणे (पश्चिम)
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संजू,

सलाम. ईस्टरनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन मिस्ड कॉल फोनवर तसेच दिसतात. रागव, तुझा हक्कच आहे, पण आधी हे वाच. तब्येत ठीक, साखर आटोक्यात, सुनीताची पाठ अधूनमधून धरते.

आज चर्चमध्ये हंगामाचा सण होता. लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव कसा रंगतो ते तुला काय सांगायचं. लाल भोपळा होता, चार-साडेचार किलोचा. पाचशेपासून चढत चढत माझ्या अकरा हजारांवर 'तीन वार' झालं. टाळ्या. लगेच कडूमावशींची डझनभर गावठी अंडी आली. तीनशेला गेली, कोणी मान वर करून पाहिलंही नाही. आणि घरी ड्रॉवरमध्ये या महिन्याचं दशांशाचं, म्हणजे कमाईतला दहावा भाग देवाला द्यायचं, पाकीट रिकामं पडलंय, कारण पैसे घोडबंदर रोडच्या थ्री बीएचकेच्या टोकनमध्ये गेले. चारचौघांत अकरा हजार, आणि गुपचूप द्यायचे ते शून्य. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? पास्टर तर उपासनेनंतर माझे दोन्ही हात धरून आभार मानत होते.

होस्टेलवरचं आपलं भांडण आठव. दशांश हातात येणाऱ्या पगारावर की कापण्याआधीच्या? तू म्हणायचास, देवाच्या दारात टीडीएसचं सर्टिफिकेट चालत नाही. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. आता कबूल करतो, तुझंच बरोबर होतं. आज कागद घेऊन बसलो. समज पगारपत्रकावर १,८०,००० आहेत. बेसिक नव्वद हजार धरलं तर पीएफचे १०,८०० जातात, नव्या करपद्धतीत टीडीएस एकोणीस हजारांच्या आसपास, व्यवसाय कर २००. हातात पडतात साधारण दीड लाख. दशांशात फरक फक्त तीन हजारांचा. पण हातातल्या पगारावर देणाऱ्याची खरी चूक पीएफमध्ये होते. ती रक्कम आज मोजली नाही, तर निवृत्तीला एकरकमी येईल तेव्हा मोजायला हवी, आणि तेव्हा कोणालाच आठवत नाही. आधीच्या पगारावर देणाऱ्याला पुढे फक्त कंपनीच्या वाट्याचा आणि व्याजाचा हिशोब राहतो. बोनस आला की त्याच दिवशी वेगळा काढायचा. महिन्याच्या पगारात मिसळला की तो नाहीसाच होतो.

आणि काढायचा तो पगाराच्या दिवशीच, हप्त्याच्या आधी. ८० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, म्हणजे हप्ता ६९,४०० च्या घरात. हातातल्या पगाराचा जवळजवळ निम्मा. बँक एक हप्ता चुकला तर दंड लावते, सोसायटी व्याज लावते, शाळा प्रगतिपुस्तक अडवते. ज्याच्याकडून नोटीस येत नाही तो देव एकटाच, म्हणून काटछाट त्याच्यापासून सुरू होते. मी दशांशासाठी बिनखर्चाचं वेगळं खातं उघडतोय. एक तारखेला रक्कम आपोआप तिकडे वळेल, त्याला यूपीआय जोडायचं नाही, कार्ड घ्यायचं नाही. कार्ड असलं की 'पुढच्या महिन्यात भरतो' म्हणून आपणच आपल्याकडून उसने घेतो.

करसवलतीचं म्हणशील तर नव्या पद्धतीत देणगीवर सूट नाहीच, आणि निव्वळ धर्मकार्यासाठीच्या देणगीला ती तशीही लागू नाही. मला हे बरं वाटतं. पावतीच्या लोभाने हात पुढे जायचा प्रश्नच उरत नाही.

पण संजू, माझी काळजी दहा टक्क्यांची नाही, उरलेल्या नव्वदची आहे. पगार साठ हजार होता तेव्हा सहा हजार काढताना दुखायचं, म्हणून प्रार्थना व्हायची. आता एरवी अठरा हजार सुटसुटीत निघतात आणि 'देवाचं देऊन झालं, आता हे माझं' असं मन म्हणतं. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशांश वेशीतल्या लेवी (उपासनेची सेवा करणारा), परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी ठेवायचा आहे. लेवीय पुस्तकात शेताच्या कडा कापायच्याच नाहीत, त्या गरिबांसाठी. कडा म्हणजे दशांशाच्या बाहेरचं. आपण कडेपर्यंत कापतो आणि वर भोपळ्याची बोली लावतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अखेरच्या काळात मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्यात देवाचा दरबार मांडला. मला ते जमणार नाही, हप्ता आहे. पण पगार वाढला तर वाढीतला निम्मा भाग घरात येऊच द्यायचा नाही, एवढं जमेल. आधीचे साठ हजार पुरत होतेच की! नीतिसूत्रांतली आगूरची प्रार्थना मी आता तोंडपाठ केली आहे, दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको, नेमून दिलेलं अन्न दे. तिच्या पहिल्या अर्ध्याला 'आमेन' सहज निघतं, दुसऱ्यापाशी जीभ अडते.

ऑफिसचंही सांगतो. महापेच्या ऑफिसात परचेस, म्हणजे खरेदी, माझ्याकडे आल्यापासून दिवाळीला पुरवठादारांची पार्सलं थेट बिल्डिंगच्या वॉचमनकडे येतात. मिठाई असेल तर ती त्याच दिवशी ऑफिसच्या टेबलावर उघडतो. चांदीचं नाणं, कूपन, घड्याळ असलं तर गेटच्या रजिस्टरमध्ये नोंद करून परत, आणि देणाऱ्याला ईमेल, साहेबांना कॉपी. तोंडी किंवा हातोहात परत दिलं तर फसतो, कारण समोरचा बाहेर 'साहेबांनी घेतलं' म्हणून सांगायला मोकळा. दोन दिवस ठेवलं तरी फसतो, कारण मग ते कपाटात जातं. आणि तीन कोटेशन आली की आधी स्पेलिंगच्या चुका पाहतो. तिन्हींत तीच एक चूक असेल, तर तिन्ही एकाच टेबलावर टाइप झालेली असतात, आणि स्वस्तातलं मुद्दाम स्वस्त ठेवलेलं. लाच शहाण्याचेही डोळे आंधळे करते असं अनुवादात आहे. 'शहाण्याचे', मूर्खाचे नव्हे. हे वाक्य मला झोपू देत नाही.

आपला विन्या म्हणतो मी फार ताणतो. त्याने आयुष्यात कॅरमही ताणून खेळला नाही, त्याचं काय ऐकायचं.

तर आता असं करतोय. उद्या पाकिटात या महिन्याचे भरतो. कडूमावशींकडून दर आठवड्याला दोन डझन अंडी, बाजारभावाने, नियमित. फ्लॅटचं मात्र ठरत नाही. टोकन परत मिळायची मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे. दोन बीएचकेत आम्ही सगळे मावतो, हे सुनीताही मान्य करते, पण पाहुणे आले की गप्प होते. तुझं मत हवंय. प्रार्थना करून सांग, 'तू बघ' म्हणू नकोस.

रिबेकाची बारावी कशी चालली आहे? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नगरलाच करणार की पुण्याला? शाळेतलं ते प्रकरण मिटलं असेलच. नाताळच्या आत ये, दोन दिवस तरी.

तुझा,
प्रकाश

ता. क. भोपळा गॅलरीत आहे. सुनीता घारगे करू म्हणते. मी अजून सुरी लावू दिलेली नाही.