मंत्रिमहोदय, गच्चीवरची अँटेना अजून उभी आहे

प्रति,
माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : अँटेनावर मिळणारं मोफत डिजिटल आणि एचडी दूरदर्शन

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

मी डोंबिवलीत पंचवीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत प्रसारण आलं आणि पुढची काही वर्षं दिवाळीआधी मी दुकानात कमी, लोकांच्या गच्च्यांवर जास्त असे. पाईप उभा करायचा, क्लँप आवळायचा आणि अँटेना नैऋत्येला, वरळीच्या मनोऱ्याकडे वळवायची. खालच्या खिडकीतून कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं... अहो, गेलं!" आमच्या आणि वरळीच्या मध्ये मुंब्र्याचा डोंगर आहे. त्यामुळे बैठ्या चाळीतल्या माणसाला चार मजली इमारतीतल्या माणसापेक्षा पाईपवर जास्त पैसे घालावे लागत. माझा मावसभाऊ पुण्यात हाच धंदा करायचा. तिथल्या सगळ्या अँटेना सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून. तो म्हणायचा, पुण्यात दिशा चुकलात तर कुठल्याही गच्चीकडे बघा, सिंहगड कुठे आहे ते कळेल.

हे वाचून तुम्हाला वाटेल की म्हातारा जुन्या दिवसांचे उमाळे काढायला बसला आहे. तसं नाही. ॲनालॉग प्रसारण बंद झालं ते बरंच झालं. एक वाहिनी दाखवायला सात-आठ मेगाहर्ट्झ जागा अडवायची, मनोऱ्यावर वीज जाळायची आणि घरात दिसायचं काय, तर मुंग्या. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२१-२२मध्ये उरलेले ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले, मोक्याच्या जागचे पन्नासेक तेवढे ठेवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढचं अर्धं काम राहिल्याची. जुनं घर पाडलं, नव्याचा पाया खणला, चार खांब उभे केले आणि गवंडी उठून गेले, असं काहीसं झालं आहे.

ते चार खांब म्हणजे डिजिटल टेरेस्ट्रियल, जमिनीवरच्या मनोऱ्यावरून थेट अँटेनाला येणारं डिजिटल प्रसारण. त्याची पद्धत डीव्हीबी-टी२, थोडक्यात टी२. २०१६च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने १६ शहरांत ही सेवा सुरू केली. त्यात महाराष्ट्रातली शहरं दोन, मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. पुणे नाही, नागपूर नाही. एका लहरीवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, पाच वाहिन्या, ना डिश, ना इंटरनेट, ना महिन्याचं बिल. मी बातमी वाचली आणि जुन्या सामानातून यूएचएफ, म्हणजे अति उच्च फ्रिक्वेन्सीच्या लहरी पकडणारी, अँटेना काढली. आडव्या काड्यांची, हातभर लांब. बलून, म्हणजे अँटेना आणि केबल जुळवणारा छोटा भाग, नवा घातला, चपट्या वायरऐवजी कोॲक्सिअल केबल ओढली, आणि वयाचा विचार न करता पाण्याच्या टाकीवर चढलो. मुलगा खालून म्हणाला, "बाबा, यूट्यूबवर सगळं दिसतं की!" पाईप पाच फूट वाढवल्यावर डोंगराच्या धारेवरून सिग्नल मिळाला. चित्र असं स्वच्छ, की मी आधी चष्मा पुसला.

डिजिटलची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी पडला की चित्र धूसर व्हायचं, तरी माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये एक तर चित्र काचेसारखं दिसतं, नाहीतर चौकोन पडून गोठतं आणि काळा पडदा येतो. मधलं काही नाही. म्हणून अँटेना कुठे आणि किती उंच बसवायची हे आधी कळायला हवं. 'लावून बघा' म्हणून भागत नाही. माझ्या केबलच्या जोडात एकदा पाणी शिरलं होतं. प्रसारण थांबलंय की माझी केबल गेली आहे, हे ठरवायलाच मला तीन दिवस लागले. चूक माझीच होती, इन्सुलेशन टेप नीट गुंडाळली नव्हती. पण कोणत्या मनोऱ्यावरून, कोणत्या लहरीवर, कोणत्या वाहिन्या आज चालू आहेत, हे जिल्हावार आणि मराठीत एका पानावर समोर असतं, तर मी टाकीवर चढण्याआधीच जोड तपासला असता. महोदय, हे एक पान तयार करायला ना निविदा लागते, ना मंत्रिमंडळाची बैठक.

त्यानंतर आमच्या नात्यातल्या एकीला नवा टीव्ही घ्यायचा होता, म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. दुकानाचं नाव घेत नाही. विक्रेत्याला विचारलं, यात टी२ ट्यूनर, म्हणजे अँटेनाचा डिजिटल सिग्नल पकडणारा भाग, आहे का? तो मुलगा चांगला होता, पण त्याने हा शब्द पहिल्यांदाच ऐकला असावा. "काका, स्मार्ट आहे, फोर-के आहे," म्हणाला. शेवटी मीच मागे वाकून अँटेनाचं भोक शोधलं आणि रिमोटवरून मेनूत शिरलो. ट्यूनर होता. 'एअर' आणि 'केबल' यांतलं 'एअर' निवडून शोध लावायचा, एवढंच करायचं होतं, पण ते त्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या एका स्वस्त सेटमध्ये तेच भोक होतं आणि आत फक्त जुना ॲनालॉग ट्यूनर. म्हणजे आता काहीच पकडण्याजोगं नसलेलं यंत्र. बाहेरून दोन्ही सेट सारखेच. गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं?

भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानक आणलं. त्याप्रमाणे बनवलेल्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, दूरदर्शनच्या फ्री डिश या मोफत उपग्रह सेवेला वेगळी पेटी लागत नाही. चांगली गोष्ट. त्याच मानकात जमिनीवरून येणाऱ्या डिजिटल सिग्नलचा ट्यूनरही घाला आणि खोक्यावर ते ठळक छापायला लावा. पंख्याच्या खोक्यावर तारे छापतात, तसं.

आता तुमचे अधिकारी म्हणतील, फ्री डिश आहे की! आहे, आणि मी तिची निंदा करणार नाही. २००४च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली ही सेवा गावोगाव पोचली. एकदा डिश घेतली की महिन्याचं बिल नाही. माझ्या आजोळी, श्रीवर्धन तालुक्यात, तीच चालते. पण आषाढात तिथे चार दिवस राहून बघा. फ्री डिशचा सिग्नल उपग्रहावरून केयू पट्ट्यात येतो. ती लहर अडीच-तीन सेंटीमीटरची. कोकणातला पाऊस धो-धो सुरू झाला की तो सिग्नल गिळून टाकतो आणि पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. यूएचएफची लहर अर्ध्या मीटरच्या आसपास लांब असते. पावसाचा थेंब तिच्या खिजगणतीतही नसतो. तिला डोंगर अडवतो, पाऊस नाही. म्हणजे ज्या रात्री बातम्या बघायची खरी गरज असते, त्याच रात्री डिश मान टाकते आणि अँटेना चालू राहते.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगडच्या त्या पट्ट्यात मोबाईलला रेंज नव्हती आणि कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. वीज नसेल तर टीव्हीही चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण इन्व्हर्टर असतो, कुणाकडे बॅटरीवर चालणारा छोटा सेट असतो. आणि वादळ यायच्या आदल्या रात्री वीज असतेच.

शहरात अडचण वेगळी. डिशला आग्नेयेकडचं मोकळं आकाश लागतं. ज्याचा फ्लॅट वायव्येला आहे आणि ज्याची सोसायटी गच्चीवर डिश लावू देत नाही, त्याने काय करायचं? मनोऱ्याजवळ राहणाऱ्याला खिडकीतली वीतभर अँटेनाही पुरते.

क्रिकेटचंही सांगतो, कारण घरात हा विषय निघाला की सगळे ऐकतात. २००७च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. कशासाठी, तर आपल्या टेरेस्ट्रियल आणि डीटीएच जाळ्यावर ते पुन्हा दाखवता यावं यासाठी. २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे चित्र पुढे केबलवाल्यांना देता येणार नाही. म्हणजे या कायद्याने मिळणारा सामना फुकट बघायचे मार्ग दोनच, अँटेना किंवा फ्री डिश. त्यातला पहिला मार्ग देशाच्या बहुतेक भागांत उरलेलाच नाही. कायद्यातला 'टेरेस्ट्रियल' हा शब्द पोरका झाला आहे. आणि उरलेल्या अँटेनावर तो सामना एचडीत का दिसू नये? ब्रिटनमध्ये २०१०पासून याच टी२ पद्धतीवर घराच्या छपरावरच्या अँटेनातून एचडी वाहिन्या दिसतात. एका लहरीत चार-पाच एचडी वाहिन्या सहज बसतात. सह्याद्री, डीडी न्यूज आणि डीडी स्पोर्ट्स या तिन्ही एचडीत दाखवून वर जागा उरेल. तंत्राचं अडलेलं नाही.

अमेरिकेत माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने छपरावर अँटेना लावली आहे आणि न्यूयॉर्कच्या स्थानिक वाहिन्या एचडीत, फुकट बघतो. श्रीमंत देशातली माणसंसुद्धा पैसे वाचवतात, नव्हे, तीच जास्त वाचवतात. पण मला मोलाची वाटते ती तिथली बंद करण्याची रीत. ॲनालॉग बंद करायची तारीख १७ फेब्रुवारी २००९ ठरली होती. पुष्कळ घरांची तयारी झालेली नाही असं दिसल्यावर त्यांच्या संसदेने ती १२ जूनपर्यंत पुढे ढकलली. त्याआधी सरकारने प्रत्येक घराला मागणीनुसार ४० डॉलरची दोन कुपनं दिली होती, जुन्या टीव्हीला जोडायची डिजिटल पेटी घेण्यासाठी. आपल्याकडे जुन्या अँटेनावाल्याच्या हातात असं काय पडलं?

२०१७च्या जानेवारीत ट्राय या दूरसंचार नियामकाने शिफारस केली होती की डिजिटल टेरेस्ट्रियलमध्ये खासगी प्रसारकांनाही येऊ द्यावं आणि ॲनालॉग टप्प्याटप्प्याने आवरावं. आवरण्याचा भाग झाला. दुसऱ्या भागाचं काय झालं, हे तुमच्या मंत्रालयाने सांगावं. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. माझ्या गच्चीवरून जाणाऱ्या लहरींत माझाही वाटा आहे, असा मी त्याचा साधा अर्थ लावतो. वकील कदाचित वेगळा लावतील.

हे सगळं आताच लिहायचं कारण म्हणजे मोबाईलवर थेट प्रसारण, ज्याला 'डायरेक्ट टू मोबाईल' म्हणतात. आयआयटी कानपूरबरोबर प्रसार भारतीने त्यावर काम केलं आहे. त्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवावा, असं तुमच्या मंत्रालयाच्या सचिवांनी २०२४च्या जानेवारीत जाहीरपणे म्हटलं होतं. सिम नको, डेटा नको, मोबाईलवर थेट टीव्ही. कल्पना मला आवडते. पण हा पट्टा म्हणजे आठ-आठ मेगाहर्ट्झच्या चौदा लहरी, आणि आमची यूएचएफ अँटेना जिथे ऐकते तोच हा भाग. शिवाय या मोबाईल प्रसारणासाठी घेतलेलं तंत्र एटीएससी ३.० या, अमेरिकेत वापरतात त्या डिजिटल प्रसारण पद्धतीचं आहे, टी२चं नाही. उद्या तेच आलं, तर आज टी२ ट्यूनरचा टीव्ही घेतलेला माणूस पुन्हा हात चोळत बसेल.

म्हणून माझं मागणं असं, की मोबाईलसाठी जे काही ठरवाल ते टीव्हीलाही लागू असू द्या. एटीएससी ३.०चा सिग्नल छपरावरच्या अँटेनातूनही घेता येतो, अमेरिकेत घेतातच. चिप मोबाईलमध्ये बसवायला लावणार असाल तर टीव्हीतही बसवायला लावा, आणि एकदा पद्धत ठरली की दहा वर्षं तरी तिला हात लावू नका. लहरींचा निर्णय होण्याआधी निदान एक जाहीर सुनावणी मुंबईत घ्या. दिल्लीतल्या परिषदेत मोबाईल कंपन्यांची माणसं टाय लावून येतात. गच्चीवर चढणारा माणूस तिथे जात नाही. मुंबईत घेतलीत तर मी लोकलने येईन. बोलायला पाच मिनिटं पुरतील.

येताना काड्यांची अँटेना आणि मुठीत मावेल एवढा टी२ डोंगल घेऊन येईन. त्या इमारतीला गच्ची असेलच.

आपला,
एक जुना टीव्ही दुरुस्तीवाला
डोंबिवली

ता. क. : गच्चीवरच्या पाईपचे गंजलेले बोल्ट मागच्याच महिन्यात बदलून घेतले. तोंड अजून नैऋत्येलाच आहे.