लॅरी फिंगर यांस आभारपत्र: एका अँटेनाच्या लॅपटॉपचं वाय-फाय

आदरणीय लॅरी फिंगर यांस,

सप्रेम नमस्कार.

२१ जून २०२४ रोजी तुमचं निधन झालं, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरीही ते सगळ्यांसमोर लिहितो आहोत. लिनक्सचे वाय-फाय ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) लिहिताना ज्या लॅपटॉपांसाठी तुम्ही खपलात ते आजही विद्यार्थ्यांच्या आणि छोट्या दुकानांच्या टेबलांवर चालू आहेत, सेकंडहँड बाजारात हातोहात फिरत आहेत, आणि त्यांचं वाय-फाय लिनक्सवर का अडखळतं हे वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नाही. तुमचे आभार मानायचे तर तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगितलंच पाहिजे.

रिअलटेक कंपनीच्या आरटीएल८७२३बीई या वाय-फाय चिपबद्दल बोलतो आहोत. कार्ड ओळखलं जातं, ड्रायव्हर चढतो, फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) तक्रार येत नाही, पासवर्डही स्वीकारला जातो. राउटर शेजारी असेपर्यंत सगळं ठीक. पलीकडच्या खोलीत गेलं की जोडणी तुटते, जुळते, पुन्हा तुटते. फोनवर आजूबाजूची दहा-बारा नेटवर्क दिसत असताना लॅपटॉपच्या यादीत एखाद-दुसरंच येतं. मग माणसं राउटर बदलतात, एक्स्टेंडर विकत घेतात, नाहीतर लिनक्सच काढून टाकतात.

कारण तुम्ही स्वच्छ मांडलं होतंत. या कार्डावर अँटेनाच्या वायरींसाठी दोन बारीक सॉकेट असतात, पण बऱ्याच लॅपटॉपांत एकच अँटेना बसवून मिळाली. त्यात गैर काही नाही. ही चिप तशीही एकाच प्रवाहावर चालते आणि तिचा कागदावरचा वेग १५० मेगाबिटच्या वर जात नाही. घोळ पुढे आहे. अँटेना कोणत्या सॉकेटला आहे हे कार्डातल्या ई-फ्यूज नावाच्या कायम मेमरीत कारखान्यातच नोंदवलेलं असतं, आणि या लॅपटॉपांत ती नोंद उलटी झाली. वायर एका सॉकेटला आणि चिप बोलते दुसऱ्या, रिकाम्या सॉकेटमधून. रिकाम्या सॉकेटमधूनही थोडा सिग्नल झिरपतो, म्हणून जवळून काम भागतं. दोष इतका फसवा आहे तो यामुळेच. वाय-फाय ठार बंद असतं तर कार्डावर संशय लवकर गेला असता.

स्क्रू काढून वायर दुसऱ्या सॉकेटला लावली की लिनक्सवर सिग्नल येतो. तुम्ही मात्र तिथे थांबला नाहीत. लॅपटॉप उघडला की काही ठिकाणी वॉरंटी जाते, आणि त्याच मशीनवर विंडोजही असेल तर वायर हलवल्यावर तिथलं वाय-फाय बिघडतं. म्हणून २०१६ मध्ये तुम्ही ड्रायव्हरमध्येच एक पॅरामीटर, म्हणजे बदलता येणारी सेटिंग, घातलात: अँट-सेल. ई-फ्यूजमध्ये काहीही लिहिलेलं असो, कोणत्या अँटेनावर बोलायचं ते आता माणूस सांगू शकतो. ज्याच्याकडे बारीक स्क्रूड्रायव्हर नाही आणि लॅपटॉप उघडायची हिंमतही नाही, त्याचाही विचार या दुरुस्तीत आहे. आमची कृतज्ञता सगळ्यात जास्त आहे ती याबद्दल.

आता ज्यांच्या घरी असा लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी. आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन छोट्या लिपीत टाइप करायच्या.

आधी चिप खात्रीने ओळखा. 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा आणि नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत १०ईसी:बी७२३ हा क्रमांक आहे का, त्याखाली वापरातला ड्रायव्हर आरटीएल८७२३बीई आहे का ते बघा. क्रमांक वेगळा असेल तर पुढचं तुमच्यासाठी नाही. मग 'आरएफकिल लिस्ट', म्हणजे वाय-फाय कुठे बंद करून ठेवलंय का ते कळतं. तिथे हार्ड ब्लॉक 'येस' दिसलं तर लॅपटॉपवरचं बटण किंवा एफएन की दाबा, आधी ते सोडवा.

त्यानंतर सिग्नल मोजा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच वेळ वाया जातो. 'आयडब्ल्यू डेव्ह' लिहिलं की इंटरफेसचं नाव मिळतं, बहुधा डब्ल्यूएलओ१ किंवा डब्ल्यूएलपीने सुरू होणारं. मग 'आयडब्ल्यू डेव्ह', ते नाव आणि 'लिंक'. राउटरच्याच खोलीत, दोन-तीन मीटरवर बसून हे चालवा. सिग्नल उणे ४० ते उणे ५५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) असेल तर अँटेना ठीक आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. त्याच जागी उणे ८० किंवा त्याहून खाली आकडा आला तर जवळजवळ नक्की रिकाम्या सॉकेटचा प्रकार. डीबीएममध्ये दर १० चा फरक म्हणजे शक्तीत दहापट. ३० चा फरक म्हणजे सिग्नल हजारपट कमी. राउटर बदलून ही दरी भरत नाही.

आता लॅरी, तुमची दुरुस्ती. 'सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई' लिहून ड्रायव्हर उतरवायचा. वाय-फाय इथे जाणारच, म्हणून पुढची आज्ञा आधी कागदावर उतरवून ठेवा. मग 'सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई' आणि त्यापुढे एक जागा सोडून अँट-सेल बरोबर (=) १. नाव असं टाइप करायचं: ए, एन, टी, अंडरस्कोर, एस, ई, एल. पुन्हा मोजा. फरक नसेल तर उतरवून २ देऊन बघा. बरोबर आकडा लागला की त्याच जागेवर उणे ८० चं उणे ४५-५० होतं आणि नेटवर्कची यादी भरून जाते. शून्य म्हणजे ई-फ्यूजवर विश्वास ठेवा, तीच मूळची स्थिती.

बदल कायम ठेवायला /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ या फोल्डरमध्ये .कॉन्फ ने संपणारी एक फाइल करायची आणि तिच्यात एकच ओळ: 'ऑप्शन्स', ड्रायव्हरचं नाव, अँट-सेल बरोबर तुमचा आकडा. रीबूट केल्यावर /सिस/मॉड्यूल/ मधल्या ड्रायव्हरच्या 'पॅरामीटर्स' फोल्डरातून तो आकडा 'कॅट'ने वाचता येतो. तिथे शून्यच दिसला तर फाइलच्या नावात किंवा त्या ओळीत चूक आहे.

कर्नल (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर याच्यातच असतात) अपडेट झाल्यानंतर वाय-फाय पुन्हा मंदावलं तर आधी हाच आकडा आलटून बघा. ब्लूटूथ आणि वाय-फाय यांचा ताळमेळ राखणाऱ्या कोडमध्ये बदल झाले तेव्हा ही निवड मोडली होती, आणि लॅरी, तिची दुरुस्तीही तुम्हीच पाठवलीत. एकदा दिलेली सोय चालू राहते आहे का याकडे लक्ष ठेवणं हे नवं काही लिहिण्यापेक्षा कष्टाचं काम. त्याचे वेगळे आभार.

पॉवर सेव्हबद्दलही, म्हणजे वीज वाचवायला कार्ड झोपवण्याबद्दलही, सांगायला हवं. वाय-फाय तुटतंय म्हटलं की पॉवर सेव्ह बंद करा, हा सल्ला सरसकट मिळतो. सिग्नल चांगला असून काही मिनिटं मशीन स्वस्थ ठेवल्यावर जोडणी झोपत असेल तर तो बरोबर आहे. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमधल्या फाइलीत 'कनेक्शन' विभागाखाली वायफाय.पॉवरसेव्ह बरोबर २ लिहिलं की ते बंद होतं. याच ड्रायव्हरचे एफडब्ल्यूएलपीएस आणि आयपीएस हे वीज वाचवणारे दोन्ही पॅरामीटर शून्य करूनही फरक पडतो. पण उणे ८५ वर रखडणाऱ्या कार्डाला यातलं काहीच लागू पडत नाही. ब्लूटूथ हेडफोन चालू असताना वेग पडला तर तो बिघाड नव्हे. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच अँटेनावर, एकाच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात पाळीपाळीने बोलतात. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क या चिपला कधीच दिसणार नाही. आणि राउटरला केलेलं पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) दोन-चार मिलिसेकंदांत नेमाने परत येत असेल, पण बाहेरच्या साइट उघडत नसतील, तर वाय-फायला हात लावू नका, अडचण राउटरच्या पलीकडे आहे.

अँट-सेलच्या १ आणि २ दोन्हींनी काही झालं नाही, तरच स्क्रूड्रायव्हर. वायरचं टोक सॉकेटवरून सुटलेलं असतं किंवा बिजागरीजवळ वायर चिरडलेली असते. बॅटरी काढून, टोक सरळ वरून दाबून बसवायचं, तिरकं नाही.

ब्रॉडकॉमच्या चिपांवरचं तुमचं काम, रिअलटेकच्या नव्या चिपांचे ड्रायव्हर जुन्या कर्नलवरही बांधता यावेत म्हणून तुम्ही जपलेलं भांडार, या सगळ्याचं ऋण आहेच. पण अँट-सेल मूळ कर्नलमध्येच गेला हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. बाहेरून बांधलेला ड्रायव्हर दर कर्नल अपडेटला पुन्हा बांधावा लागतो आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर त्याच्यावर सही करावी लागते. तुमच्या दुरुस्तीला यातलं काहीच लागत नाही. एका ओळीची फाइल, बस्स.

तुमचे मनापासून आभार.

आपले ऋणी,
लिनक्स बसवून देणारी आणि दुरुस्त करणारी मंडळी