तुझे मार्क जास्त होते हे मला मान्य आहे

बाळा,

दोन वेळा फोन केला, उचलला नाहीस, म्हणून हे सगळं टाईप करतेय. मोठं होईल बहुतेक, सवडीने वाच. जेवणाचं झोपेचं काही विचारायचं नाही असं ठरवूनच बसलेय, कारण त्याने तू चिडतोस. फक्त मेस चालू आहे ना तेवढं सांग.

ताईच्या एमपीएससीच्या रिझल्टच्या दिवशी तू जे बोललास त्याबद्दल लिहायचंय. "मार्क माझे जास्त आणि अधिकारी ही, बाई असल्याचे पण मार्क मिळतात वाटतं." पेढे वाटत होतो आपण, बेबीमावशी होती, पाटलांच्या घरचे होते. ताई काही बोलली नाही, बॉक्स तसाच हातात धरून आत गेली आणि तू बॅग उचलून संध्याकाळच्या गाडीने निघालास. तेव्हापासून घरात कुणी त्या विषयावर बोललेलं नाही. पप्पा तर नाहीच, तुला माहितीयेत ते.

आधी तुझं जे खरं आहे ते मान्य करते. तुझे मार्क जास्त होते. तीच परीक्षा, तीच कॅटेगरी, तू कट-ऑफच्या तोंडाशी अडकलास आणि ती महिलांच्या कट-ऑफमध्ये बसली. ते 30 टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक कॅटेगरीच्या आतच बायकांसाठी ठेवलेल्या जागा, नसतं तर कदाचित यादीत तुझं नाव असतं. लोक म्हणतात ना आरक्षणाने कुणाचं काही जात नाही, मला ते पटत नाही, जातं, आणि या वेळी आपल्याच घरातल्या एकाचं गेलं. तुझा राग खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो राग तू ज्या माणसावर काढलास तिथे मला बोलावंच लागेल.

तुम्ही दोघांनी अभ्यास कसा केला ते आठवून बघ. आपल्याकडे एकाच्याच पुण्याचे पैसे होते. मोठी ती, ग्रॅज्युएट आधी ती झाली, पण पुण्याला तू गेलास आणि तेव्हा घरात कुणाला प्रश्नसुद्धा पडला नाही, तिलाही नाही. सदाशिव पेठेतली रूम, क्लासची फी, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, सगळं तुझं. तुझ्या वापरून झालेल्या नोट्स दिवाळीला घरी यायच्या आणि मग ती वाचायची. कधी? आजीचं अंथरूण-पांघरूण, दोन वेळचा स्वयंपाक, नानांकडे पाहुणे आले की तिकडचा स्वयंपाक, हे सगळं उरकून रात्री. ओट्यावर एका बाजूला पीठ मळलेलं आणि दुसऱ्या बाजूला लक्ष्मीकांतचं राज्यघटनेचं पुस्तक उघडं, त्या पुस्तकाच्या पानांना अजून पिठाचे डाग आहेत, येशील तेव्हा बघ. आणि दर वर्षी तिला एकच वाक्य ऐकायला मिळायचं की या वेळी नाही झालं तर लग्न. तुझ्या अटेम्प्टला अशी मुदत कुणी घातली नाही, मी पण नाही. मग तुझ्या आणि तिच्या मार्कांमधला तो जो फरक आहे त्यात किती हुशारीचा आणि किती या सगळ्याचा, हे तूच सांग, माझ्यापेक्षा तुझं गणित चांगलं आहे.

समांतर आरक्षण कसं चालतं ते तूच मला समजावलं होतंस, तिचा फॉर्म भरताना, वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढून. बायका मेरिटवर आल्या तरी त्या त्याच 30 टक्क्यांत धरल्या जातात, म्हणजे तेवढ्या मेरिटवरच आल्या तर यादी खाली ओढावी लागत नाही. तू म्हणालास, आई हे चांगलं आहे, म्हणजे एक दिवस याची गरज उरणार नाही. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. असं समजावून सांगणारा अधिकारी व्हायला पाहिजे असं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

झोप लागते ना रे? बरं राहू दे, नाही विचारत.

त्या दिवशी तू हंसा मेहतांचं पण काढलंस, की संविधान सभेत बायकांनीच राखीव जागा नको म्हटलं होतं. बरोबर आहे, रेणुका रे पण तेच म्हणाल्या होत्या. त्या सभेत 15 बायका होत्या. त्यांना वाटलं मताचा हक्क मिळाला, कायद्यात समानता आली, आता बायका आपल्या हिमतीवर येतील. त्यांचा विश्वास मोठा होता, मला त्याबद्दल आदरच आहे. पण 2024 च्या लोकसभेत 543 पैकी 74 बायका निवडून आल्या, स्वातंत्र्याला 75 वर्षं उलटून गेल्यावर. 2023 ला बायकांसाठी 33 टक्के जागांचा कायदा झाला तोही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू व्हायचा. आणि त्याच संविधानात 15 (3) कलम पण आहे, बायका-मुलांसाठी खास तरतूद करता येईल म्हणून. हे ताईने तुझ्याच पुस्तकातून मला वाचून दाखवलंय, त्यामुळे मला काही कळत नाही असं म्हणू नको.

आणि मला कळतं कारण मी त्यातूनच गेलेय. 2011 ला पंचायतीत बायकांना 50 टक्के झालं आणि पुढच्याच निवडणुकीला आपल्या गावचं सरपंचपद महिलेला सुटलं. तू शाळेत होतास, तुला फक्त गुलाल आठवत असेल. माझा फॉर्म पप्पांनी आणि नानांनी भरला, मला सही पुरतं बोलावलं. पहिल्या मासिक सभेत मी खुर्चीत आणि पप्पा शेजारी. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी प्रोसिडिंगचं रजिस्टर आधी पप्पांकडे सरकवलं, त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे आलं, "वहिनी, इथे सही." बोट ठेवलं होतं त्यांनी त्या जागेवर, बोटाला शाई लागलेली. मी म्हटलं आधी वाचून दाखवा. सगळे हसले, त्यांना वाटलं मी सहज म्हटलं. मी पेन खाली ठेवलं. मग वाचलं त्यांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्यात नानांच्या वाड्यापर्यंतचा सिमेंटचा रस्ता होता आणि खालच्या वस्तीची पाण्याची लाईन कुठेच नव्हती. ती लाईन घ्यायला किती भांडणं झाली ते तुला माहितीये, नाना दोन वर्षं आपल्या दारात आले नाहीत. आधीचे सरपंच चौथी शिकलेले, मी दहावी, पण मेरिटचा विषय गावात माझ्याच वेळी निघाला. पुढच्या वेळी पद खुलं निघालं आणि घरातच ठरलं की आता पुरे. मला परत कुणी उभं राहतेस का म्हणून विचारलं नाही. पाण्याची लाईन मात्र अजून चालते.

ताईने अभ्यास करताना एकदा सांगितलं, एस्थर डुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय या अभ्यासकांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या, तर राखीव जागेवर जिथे बाई प्रधान झाली तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं. मी म्हटलं यात अभ्यास कशाला करायचा, पाणी भरतं कोण? पण दुसरं जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. बंगालच्याच ज्या गावांत लागोपाठ दोन वेळा पद बाईसाठी राखीव होतं तिथे आईबाप मुलींबद्दल मोठा विचार करायला लागले आणि मुलींच्या वाट्याचं घरकाम कमी झालं. ते सांगताना ताई भांडी घासत होती. तीच ताई, जी माझ्या वेळी शाळेतून आली की ऑफिसात बसून बायकांचे निराधारचे अर्ज भरून द्यायची. एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षक, व्हायचं तिच्या मनात तिथेच आलं असं ती म्हणते.

बघ, मी परत भाषण द्यायला लागले. माफ कर. तुला समजवायला बसले आणि माझंच पुराण चालू झालं.

मला एवढंच सांगायचंय की तिला आता आयुष्यभर ऑफिसात कुणी ना कुणी हे म्हणणार आहे, कोट्यातली आहे म्हणून. एखादी फाईल चुकली तरी म्हणतील आणि बरोबर झाली तरी म्हणतील. मला ऐकावं लागलं, तिलाही लागेल, त्याला इलाज नाही. पण तिने ते पहिल्यांदा ऐकलं ते तुझ्या तोंडून, आणि त्या रात्री ती मला म्हणाली, आई, तो म्हणतो ते बरोबर असेल तर मी जॉइन नको होऊ का. ती गंभीरपणे विचारत होती. याची मला भीती वाटते, की ती तुझं खरं धरेल. बाकी जगाचं ती धरणार नाही.

आणि तुझी पण भीती वाटते. लिहायचं नव्हतं पण लिहिते. पुण्यातल्या अभ्यास करणाऱ्या कुठल्या पोराची तसली बातमी पेपरात आली की मी पेपर घडी करून कपाटावर टाकते, पप्पांच्या हाती लागू नये म्हणून. तू हुशार आहेस, दोन-चार मार्कांनी तू कमी झालेला नाहीस, परीक्षा परत देता येते, नाही द्यायची तर नको देऊ, दुसरं काही कर, शेती आहे, नोकरी आहे, आम्ही एका शब्दाने बोलणार नाही. तू अधिकारी झालास तरच माझा मुलगा असं कधी वागले का मी? रूमवर एकटा बसून राहू नको. तो लातूरचा मित्र आहे ना, त्याच्याकडे जा राहायला थोडे दिवस.

ताईचं जॉइनिंग सोमवारी आहे. ती जातेय, मी आणि पप्पांनी मिळून तयार केली तिला. सॉरी बिरी म्हण असं मी सांगणार नाही, तुला नाही जमायचं ते आणि तिला पण अवघडल्यासारखं होईल. ट्रेझरी, मेडिकल, पोलीस व्हेरिफिकेशन, कागदाचं तिला काही कळत नाहीये आणि तुला ते सगळं पाठ आहे, तेवढं तिला फोनवर सांग.

पप्पा शनिवारी येतायत तिकडे. डोळे दाखवायचेत म्हणतायत, पण डॉक्टर इथेही आहेत हे तुलाही माहितीये. मी सांगितलेलं नाही त्यांना, ते स्वतःच म्हणाले जाऊन येतो. दुपारपर्यंत स्वारगेटला उतरतील, घ्यायला जा, त्यांना रिक्षावाल्यांशी बोलायला जमत नाही. दोन दिवस तुझ्याकडेच राहतील. चादर देतेय सोबत आणि शेंगदाण्याची चटणी.

तुझी,
आई