मृणे, थेरपी सोडायच्या आधी हे वाच

मृणे,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. थेरपिस्ट मॅडमची डिग्री भारी, सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) करतात, फी पण तगडी, मग मला बरं का वाटत नाहीये म्हणतेस. अगं पण डिग्रीवरून काही कळत नाही यात, खरंच.

अमेरिकेत १९८० च्या दशकात एनआयएमएचने (तिथली सरकारी मानसिक आरोग्य संस्था) डिप्रेशनवर मोठी ट्रायल घेतली होती. त्यातला गोळ्यांचा डेटा २००६ मध्ये परत तपासला, सायकियाट्रिस्ट ९ होते, आणि निघालं काय तर सगळ्यात चांगल्या डॉक्टरांचे नकली (औषध नसलेली) गोळी घेणारे पेशंट सगळ्यात कच्च्या डॉक्टरांच्या खरी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले. (म्हणून तू गोळ्या बंद करायच्या नाहीत हं, गोळीचा फायदा होताच.)

मग चांगल्यांकडे असतं काय? २००९ मध्ये टिमोथी अँडरसन या मानसशास्त्रज्ञाने २५ थेरपिस्टना व्हिडिओ दाखवले, त्यात एक पेशंट चिडून म्हणतो की तुमच्याने मला काही मदत होणार नाही, आणि थेरपिस्टने तिथल्या तिथे बोलून उत्तर द्यायचं. जे अशा वेळी न चिडता, न घाबरता, समोरच्याशी नातं न तोडता बोलले त्यांचेच पेशंट जास्त बरे झाले. थेरपिस्ट सीबीटीवाला की आणखी कुठला, याने फरक पडला नाही.

आणि आपल्या शेजारी गोव्यात बघ की! 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या लोकांना काउन्सेलर म्हणून तयार केलं, मानसोपचाराची डिग्री कुणाकडेच नाही. ६ ते ८ सेशन, पेशंटला हळूहळू कामाला, माणसांत परत आणायचं. ३ महिन्यांनी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के. मला सगळ्यात आवडलं ते हे की हे काउन्सेलर सेशन रेकॉर्ड करून एकत्र बसून ऐकायचे आणि एकमेकांना मार्क द्यायचे, म्हणजे आपण कुठे कमी पडतोय ते ऐकून घ्यायची तयारी. मोठ्या डिग्रीवाल्यांपैकी किती जण करतील गं हे?

म्हणून लगेच सोडू नकोस. पुढच्या सेशनला मॅडमना तोंडावर सांग की मला फरक वाटत नाहीये, तो विचार लिहायचा तक्ता घरी भरला जात नाही, आणि मग त्या काय करतात बघ. काय जमत नाहीये विचारून पद्धत बदलली तर राहा. तूच प्रयत्न करत नाहीस असा सूर लावला तर दुसरं कुणीतरी शोधू, फोन मी करते सगळीकडे, तुला तेवढीही ताकद नसते माहितीये मला.

सेशन झालं की कळव, रात्री उशिरा असलं तरी चालेल.

तुझी,
शलाका