नागा ही एक जमात नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नागालँडची बातमी असली की मराठी वृत्तपत्रांतून ‘नागा जमात’ आणि ‘नागा भाषा’ हे एकवचनी शब्द हटकून वाचायला मिळतात, आणि आपले दैनिकही त्याला अपवाद नाही. प्रत्यक्षात या नावाखाली आओ, अंगामी, सुमी, लोथा, कोन्याक, तांगखुल, माओ, रोंगमेई असे कित्येक समाज येतात आणि त्यांची गावे नागालँडखेरीज मणिपूर, आसाम, अरुणाचल प्रदेश व सीमेपलीकडे म्यानमारमध्येही आहेत. आओ आणि अंगामी माणसे आपापल्या मातृभाषेत बोलू लागली, तर एकाचे दुसऱ्याला कळत नाही. म्हणून बाजारहाटात आसामीवर आधारलेली नागामीज चालते. (नागा लोकांचा संबंध थेट नागा साधूंशी किंवा नागपंचमीच्या नागाशी जोडणारी उत्तरे मी शिक्षक असताना तपासली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.)

हे वेगळेपण खुद्द नागा पुढाऱ्यांनीच नोंदवून ठेवले आहे. १० जानेवारी १९२९ रोजी नागा क्लब या नागांच्या संघटनेने कोहिमा येथे सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात आमच्या मुलखात आठाहून अधिक प्रदेश आहेत, त्यांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत आणि आमच्यात एकी नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच निवेदनात पुढे, आम्हाला नव्या राजकीय सुधारणांतून वगळावे आणि इंग्रज जाणार असतील तर पूर्वीप्रमाणे आमचे आम्हाला ठरवू द्यावे, अशी मागणी आहे. एकी नसल्याची कबुली आणि ‘आम्ही’ म्हणून केलेली मागणी अशी एकाच कागदावर यावी, हे मला फार मोलाचे वाटते. तोवर माणसाची निष्ठा मुख्यतः आपल्या गावाशी असे. १८७९-८० मध्ये इंग्रज फौजेशी झुंजलेले खोनोमा हे असेच एक अंगामी गाव. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सुमारे २ हजार नागा पुरुष मजूर पलटणीतून फ्रान्सला गेले. ज्या गावांमध्ये पिढीजात वैर होते, तिथली माणसे परमुलखात एकत्र राहिली, आणि ती परतल्यावर १९१८ मध्ये नागा क्लब स्थापन झाला.

समाजांची नावेही अशीच घडत गेली. ‘चाखेसांग’ हे नाव चाक्रू, खेझा आणि सांगताम या तीन नावांची आद्याक्षरे जोडून १९४६ मध्ये तयार झाले. अशी नावे अलीकडची आहेत म्हणून ती ओळखच बनावट आहे, असा युक्तिवाद अधूनमधून केला जातो, तो मला मुळीच पटत नाही. माणसांनी विचार करून स्वीकारलेल्या आणि ज्यासाठी पुढे अपार सोसले, अशा नावाला बनावट कसे म्हणावे?

१९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, १९६३ ची राज्यस्थापना, भारत सरकार आणि नागा बंडखोर यांच्यातली १९९७ ची शस्त्रसंधी व २०१५ चा करार, या गोष्टी बातम्यांतून येतात. त्या भोगणारी माणसे कोण, हे मात्र क्वचितच येते. ४ डिसेंबर २०२१ रोजी मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ कोळसा खाणीतून घरी परतणारे सहा मजूर जवानांच्या गोळीबारात ठार झाले. ते कोन्याक होते. याच जिल्ह्यातल्या लोंगवा गावात कोन्याक प्रमुखाच्या, म्हणजे आंगच्या, घराच्या मधूनच भारत-म्यानमार सीमा गेलेली आहे. हे ठाऊक असलेल्या वाचकाला सीमेवर कुंपण घालण्याची बातमी निराळ्या रीतीने कळेल.

म्हणून विनंती अशी, की यापुढे बातमीत शक्य तिथे त्या समाजाचे नाव द्यावे, ‘नागा जमात’ऐवजी ‘नागा समाज’ असे अनेकवचनात छापावे, आणि जमल्यास १९२९ चे ते निवेदन संपूर्ण मराठीत करून रविवारच्या पुरवणीत द्यावे. ते जेमतेम दोन-अडीच पानांचे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, पुणे