यूएसबीवरील चित्रपटांना आवाज नाही, मराठी सबटायटल मोडलेली: ‘फाइल खराब आहे’ हे उत्तर मान्य नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
टीव्ही विभाग

विषय: ५५ इंची फोर-के टीव्हीच्या यूएसबी प्लेयरमधील दोष व सेवा केंद्राचे चुकीचे निदान

महोदय/महोदया,

आपल्या टीव्हीच्या खोक्यावर ‘पेन ड्राइव्हवरून फोर-के चित्रपट पाहा’ असे ठळक छापले आहे. माहितीपुस्तिकेत एमकेव्ही, एमपी४ या प्रकारच्या फाइली आणि एच.२६४, एचईव्हीसी या चित्र साठवण्याच्या पद्धती चालतात असे लिहिले आहे. आवाजाच्या फॉरमॅटबद्दल मात्र पुस्तिकेत अवाक्षर नाही, आणि पहिली अडचण तिथेच आहे. दोनदा तक्रार नोंदवली. दोन्ही वेळा ‘डाउनलोड केलेली फाइल खराब आहे’ एवढेच सांगून तक्रार बंद केली गेली. हे निदान चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे, हे आपल्या कोणत्याही तंत्रज्ञाला अर्ध्या तासात तपासता येईल अशा रीतीने खाली मांडत आहे.

आधी एक खुलासा. ‘डाउनलोड’ हा शब्द ऐकताच चोरीचा माल असल्यासारखे बोलले गेले. या फाइली पैसे देऊन, कुलूप नसलेल्या स्वरूपात विकत घेतलेल्या आहेत. काही जुने चित्रपट प्रदर्शित होऊन ६० वर्षे उलटून गेल्यामुळे भारतात स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले आहेत. तरीही शंका असेल, तर ब्लेंडर फाउंडेशनच्या खुल्या परवान्याच्या फिल्म उतरवून घ्या आणि त्यांच्यावर खाली दिलेली चाचणी करा.

आता आवाज. एमकेव्ही हा नुसता डबा आहे. त्यात चित्र, आवाज आणि सबटायटल असे वेगवेगळे प्रवाह असतात. ‘एमकेव्ही चालते’ म्हणजे डबा उघडतो, एवढेच. आत आवाज डीटीएस (चित्रपटांचा आवाज साठवण्याची एक पद्धत) असेल तर आपल्या टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसते आणि ‘ऑडिओ फॉरमॅट चालत नाही’ अशी पट्टी येते. फाइल खराब असती तर पुढची चाचणी यशस्वी झालीच नसती: एफएफएमपेग या फाइली बदलणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरने त्याच फाइलमधील चित्राचा प्रवाह जसाच्या तसा ठेवला आणि फक्त आवाज डीटीएसमधून ६४० केबीपीएसच्या एसी-३ (डॉल्बी डिजिटल) मध्ये बदलला. चित्र पुन्हा एन्कोड करावे लागत नसल्यामुळे दोन तासांच्या चित्रपटाला काही मिनिटेच लागतात. नवी फाइल त्याच पेन ड्राइव्हवरून, त्याच टीव्हीवर पूर्ण आवाजासह चालते. शिवाय मूळ फाइल टीव्हीवरच व्हीएलसी प्लेयर टाकून लावली तर तिच्यातूनही आवाज येतो. म्हणजे फाइल ठीक आहे आणि टीव्हीच्या प्रोसेसरमध्येही पुरेशी ताकद आहे. आपल्या प्लेयरमध्ये डीटीएस डिकोडर (तो आवाज उलगडणारा भाग) दिलेला नाही, एवढाच याचा अर्थ. डीटीएससाठी उत्पादकाला परवाना घ्यावा लागतो, हे मी जाणतो. तो न घेणे हा आपला व्यावसायिक निर्णय असू शकतो. पण मग तसे खोक्यावर छापा.

त्याहून खटकणारी गोष्ट पास-थ्रूची, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवण्याची. एचडीएमआय एआरसीवर (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या जोडणीवर) साउंडबार जोडला आहे आणि तो स्वतः डीटीएस उलगडतो. मग टीव्हीने काही डिकोड करण्याची गरजच नाही, प्रवाह फक्त पुढे ढकलायचा. नेहमीचा ५.१ डीटीएस सुमारे १.५ एमबीपीएसचा असतो, तो एआरसीतून सहज जातो. सेटिंगमध्ये ‘पास-थ्रू’ निवडले तरी यूएसबी प्लेयर हा प्रवाह अडवतो. ही त्रुटी सॉफ्टवेअर अपडेटने दूर होण्यासारखी आहे.

दुसरा मुद्दा मराठी सबटायटलचा आहे, आणि माझ्या मते तो जास्त गंभीर आहे. सबटायटलची एसआरटी फाइल चित्रपटाच्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये, यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) मध्ये ठेवली आहे. सुरुवातीला ‘बीओएम’ ही, मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे असे सांगणारी खूण नसेल तर प्लेयर तिला युरोपीय लिपी समजतो आणि एकेका देवनागरी चिन्हाऐवजी तीन-तीन अगम्य चिन्हे दाखवतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते, त्याचा हा परिणाम. नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडून फाइल जतन केली की हा घोळ मिटतो. पण नंतरही मजकूर वाचवत नाही. ‘कि’ लिहिले तर वेलांटी क च्या आधी न येता मागे येते. ‘प्रकाश’मधला प्र फुटून पाय मोडलेला प आणि सुटा र दिसतो. रफार अक्षराच्या डोक्यावर चढतच नाही.

कारण उघड आहे. युनिकोडमध्ये देवनागरी उच्चाराच्या क्रमाने साठवली जाते: आधी क, मग वेलांटी. पडद्यावर काढताना जागा बदलणे आणि जोडाक्षर जुळवणे हे काम अक्षरजुळणीच्या वेगळ्या टप्प्यात होते. आपल्या प्लेयरच्या सबटायटल भागात हा टप्पाच नाही. टीव्हीची भाषा मराठी केली की संपूर्ण मेनू मात्र निर्दोष दिसतो! म्हणजे फॉन्टही टीव्हीत आहे आणि जुळणीची यंत्रणाही आहे. सबटायटल काढताना ती वापरलेली नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या टीव्हीवर मेनू मराठी आणि सबटायटल अवाचनीय, हे चालणार नाही. हिंदी आणि नेपाळी सबटायटलचेही हेच होत असणार, कारण लिपी तीच आहे.

सेवा केंद्राने ‘ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा’ असाही सल्ला दिला. फॅट३२ ही ड्राइव्हवर फाइली मांडण्याची जुनी पद्धत. फॅट३२ मध्ये एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी ठेवता येत नाही. १५ एमबीपीएसचा दोन तासांचा फोर-के चित्रपट साधारण साडेतेरा जीबी होतो. तो या ड्राइव्हवर कॉपीच होणार नाही, मग खोक्यावरचे वाक्य कशाच्या भरवशावर? टीव्हीच्या मेनूतले ‘ड्राइव्ह फॉरमॅट करा’ हे बटणही फॅट३२च करते. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह टीव्ही बिनतक्रार वाचतो, तेव्हा बटणानेही तेच करावे आणि आतील सर्व काही पुसले जाईल असा इशारा मराठीतून द्यावा.

दोन बाबतींत माझी तक्रार नाही. यूएसबी पोर्टवर ५ व्होल्ट, ०.५ अँपिअर असे छापलेले आहे; फिरती हार्ड डिस्क सुरू होताना त्याहून जास्त प्रवाह मागते, म्हणून ती मधेच बंद पडते. त्यासाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावला आहे. तसेच १०-बिट (जास्त रंगछटांचे) एच.२६४ चालत नाही, पण ते टीव्हीच्या चिपमध्ये सहसा नसतेच.

माझ्या मागण्या अशा: बीओएम नसलेले यूटीएफ-८ ओळखणारी आणि देवनागरीची जुळणी नीट करणारी सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी, डीटीएसचा पास-थ्रू सुरू करावा, आणि कोणत्या डब्यात कोणते चित्र व कोणता आवाज चालतो याचा पूर्ण तक्ता खोक्यावर व संकेतस्थळावर द्यावा. सॉफ्टवेअर दुरुस्ती शक्य नसेल तर टीव्ही परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. ‘फाइल खराब’ हा शेरा माझ्या दोन्ही तक्रारींच्या नोंदीतून लेखी मागे घ्यावा, कारण पुढे दाद मागताना तोच माझ्याविरुद्ध दाखवला जाईल.

३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही.

आपला ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, खोक्यावरील मजकुराचे छायाचित्र, मराठी मेनू व सबटायटल यांची एकाच टीव्हीवरची दोन छायाचित्रे, मूळ आणि आवाज बदललेल्या फाइलचे दोन मिनिटांचे तुकडे असलेला पेन ड्राइव्ह.